बाळंतिणीच्या मागं बसणारी

माझं म्हायेर माकणीकडचं, तेरणेच्या काठाचं, आन सासर सास्तूरच्या शिवारात. घरात आमी दोघी जावा, म्या थोरली, शेवंता धाकटी. मला लेकरू न्हाय. तुळजापूरच्या आईपुढं लई पदर पसरला, पन झालंच न्हाय. हे आधीच सांगते, म्हंजी तुमी मधीच विचारणार न्हाय की मग बाई, तुला बाळंतपणातलं काय कळतं. लोकं विचारत्यात. विचारू द्या.

आता सुईण वेगळी आन म्या वेगळी, हे बी ऐका. सुईण पुढं बसती. तिचं ध्यान बाळाकडं, डोकं आलं का, नाळ कशी हाय, वार पडली का, समदा तिचा जिम्मा. म्या मागं बसते, बाळंतिणीला दोन्ही काखंतून धरून, तिची पाठ माझ्या छातीला, आन माझं ध्यान नुसतं तिच्याकडं. कंबर रगडायची, घोट घोट पानी पाजायचं, कानाशी बोलत ऱ्हायाचं, कळ आली की तिच्या बरुबर आपन बी दम घ्यायचा आन तिच्या बरुबरच सोडायचा. नाळंला म्या कदी हात लावला न्हाय, ते माझं काम न्हवं.

पन काय सांगू तुम्हाला, जिला लेकरू न्हाय तिला बाळंतिणीच्या खोलीत कोन येऊ देतंय? शेवंताचं पयलं बाळ पोटातच गेलं. तवा म्या दारातनं निस्तं ऊन पानी आत दिलं होतं, तर सासू म्हणली, हिची सावली पडली. तवापसून मालकाला दुसरी बायकू बघायचं चाललं. मालक गुमान. सासूच्या बोलण्याहून त्यांचं ते गुमान ऱ्हाणं मला जास्त लागायचं. एक शेवंता तेवढी म्हणायची, आक्का, तुमचं काय बी चुकलं न्हाय.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. हिरी आटल्या, समदं गाव तलावाच्या दुष्काळी कामावर, पाटलाच्या बाया बी आन आमी बी, एकाच रांगेत खडी फोडायलो. खायाला रेशनवरचा तांबडा मिलो, भाइरच्या देशातली ज्वारी, त्याची भाकर थापावी तर हातातच फुटायची. शेवंताचे दिवस भरत आल्याले तरी यायची, घरी बसून खायाचं काय? मुकादम बरा होता, तिला सावलीत बसून बारीक खडी येचायला लावायचा.

एक दिवस उन्हं वर आली आन तिला कळा सुरू झाल्या. गाव लांब, गाडीला बैल न्हाईत, बैलं चारा-छावणीवर. बायांनी बाभळीखाली लुगडी धरून आडोसा केला. भागाबाई सुईण आमच्यातच खडी फोडायली, ती हात धुऊन पुढं बसली. पन बाळ खाली येईना. पयल्या बाळाची याद काढून शेवंता नुसती रडायली, मरते म्हणायली. भागाबाई म्हणली, माझे हात पुढं गुंतल्यात, हिला मागनं कुनीतरी धरा. सासू बसली, तर सासूच कापायली. आन शेवंता वरडली, आक्काला बलवा.

म्या लुगड्याच्या भाइर. सासू म्हणली, न्हाय, ती न्हाय. माझ्या बी मनात तेच, आता काय वाईट झालं तर मला घर न्हाय आन गाव बी न्हाय. तवा भागाबाई कडाडली, लेकराचं म्या बघते, हिचं कोन बघणार? हिला जी पायजे तीच येऊ द्या. पारू, ये आत. काय व्हायचं ते होऊ दे म्हणलं आन मागं जाऊन बसले.

आमच्याकडं रीत हाय, बाई अडली की घरातल्या गाठी सोडायच्या, पेट्या, कणग्या, समद्याची तोंडं उघडायची. त्या माळावर काय उघडणार? तर सासूनं आपल्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली. तिचं बघून समद्या बायांनी सोडल्या. लांब बसल्याल्या गड्यांनी बी सोडल्या, पटके सोडले, मुकादमानं तर बुटाच्या नाड्या सोडल्या. हसू नका, खरं सांगते. दुष्काळातल्या भाकरी उघड्यावर, कावळे टपल्याले, आन कुनी हाकलंना.

म्या शेवंताचा अंबाडा सोडला आन कानात म्हणलं, ते गेलं ते गेलं, हे येगळं हाय, हे यायलंय, तू माझ्यावर भार टाक, समदा टाक, म्या काय पडत न्हाय. तिनं अंग सैल सोडलं. मग दोघी मिळून दम घेतोय, दम सोडतोय, किती येळ गेला देवाला ठावं, आन भागाबाई म्हणली, आलं गं माय, आलं! पोरगी. आन अशी रडली म्हणता, पार तलावाच्या भिंतीवरचे गडी उठून उभे ऱ्हायले.

पाचवीला सुईणीची ओटी भरत्यात. भागाबाई पाटावर बसली आन म्हणली, दुसरा पाट मांडा, बाळंतपण दोघींनी केलंय. आता वांझेची ओटी कोन भरतंय व्हय? समद्या एकमेकीकडं बघायल्या. तवा सासू उठली. नारळ न्हाय, खारीक न्हाय, मिलोचेच दाणे, ते माझ्या पदरात घातले आन म्हणली, म्या तुला लई बोलले पारू, आता न्हाय बोलणार. त्यापुढं दुसऱ्या सोयरिकीचं नाव घरात निघालं न्हाय. म्या लई रडले, आन लई ताठ बसले.

मग बलावणीच यायली. गावात दूध सोसायटी निघाली, सकाळी डेअरीवर बाया जमायच्या, तितंच सांगून ठिवायच्या, आक्का, आमच्या सुनंचं पौषात हाय, कुटं जाऊ नका. भागाबाई सरकारी ट्रेनिंग घेऊन आली, साबण, ब्लेड, दोरा, समदं पेटीत. उपकेंद्रातली नर्सबाई म्हणायची, भागाबाई पुढं, पारूआक्का मागं, अवघड दिसलं तर म्या जीप बलावते.

आता भागाबाई न्हाय. बाळंतपणं दवाखान्यात व्हत्यात, चांगलंच हाय. परवा भावकीतली एक नातसून म्हणली, आजी, तुमी संगं चला. गुडघे धरल्यात, तरी गेले. तिथली नर्स म्हणली, आत एकच बाई सोडू, आई न्हायतर सासू. पोरीची आई आन सासू, दोघी बी भाइर बाकड्यावर जाऊन बसल्या आन मला म्हणल्या, आजी, तुमी जावा आत.