जोडी नंबर अकरा

डबा, काकू. सगळ्यात आधी खटकला तो डबा. नाही, तुम्ही घ्या ना टेबलाची मापं, टेप त्या टोकाला अडकवा, मी इकडून धरते — फक्त फोन वाजला तर सोडून देईन हं, रागावू नका. तर डबा. पिवळ्या झाकणाचा. आई कुठेही निघाली की त्यात पातळ पोह्यांचा चिवडा असतो, आणि बसमध्ये ती स्वतः उठून एकेकाच्या हातावर मूठमूठ घालत जाते, डबा कुणाच्या ताब्यात देत नाही, बाबांच्याही कधी दिला नाही — लोक नुसते काजू वेचतात म्हणते. आणि आज सकाळी पावणेअकराला टूरच्या ग्रुपवर बसमधला फोटो आला, सगळे हात हलवतायत, आणि डबा एका टोपीवाल्या गृहस्थांच्या मांडीवर. झाकण उघडं. आई फोटोत नाही. आता तुम्ही म्हणाल फोटो तीच काढत असेल. मीही तेच म्हटलं. तीनदा म्हटलं स्वतःला. पण तिनं काढलेल्या फोटोत नेहमी तिचं बोट येतं, कोपऱ्यात, गुलाबी — आणि या फोटोत बोट नव्हतं.

जर्मनीत आहे ती. युरोपची टूर आहे, पंधरा दिवसांची, आपली मराठी लोकांचीच, आज म्युनिकहून एका दिवसाची सहल — राजाचे दोन महाल, आणि परतीच्या वाटेवर डोंगरातलं एक गाव, जिथे घरांच्या भिंतींवर चित्रं काढलेली असतात आणि दुकानादुकानात लाकडाच्या कोरलेल्या मूर्ती. तिथे चहाला पाऊण तास. पाचला बस सुटली, सातला हॉटेलवर पोचली, म्हणजे आपल्याकडे नेपरव्हिलला दुपारचे बारा, आणि आई बसमध्ये नव्हती. चाळीस माणसं दोन तास गाणी म्हणत आली, काकू, आणि एकालाही —

मोजतात ना! मोजत नाहीत कसे? पण माणसं नाही मोजत, जोड्या मोजतात. श्रीराम म्हणून टूर मॅनेजर आहे, तो बसच्या दारात उभा राहून ओरडतो, जोडी नंबर एक? हजर! जोडी नंबर दोन? हजर! सगळे रिटायर्ड नवरा-बायको, त्यांना मजा वाटते, शाळेत असल्यासारखी. आई आणि सुलेखामावशी — तिची बँकेतली मैत्रीण — दोघी एकेकट्या, दोघींत एक खोली, म्हणून त्या जोडी नंबर अकरा. आज मावशीचा गुडघा सुजला, ती हॉटेलवरच राहिली. मग दिवसभर जोडी अकरा म्हटलं की आई ओरडायची, "अर्धी हजर!" आणि सगळे हसायचे. संध्याकाळी त्या गावात ओरडायला तीच नव्हती. मागून कुणीतरी म्हणालं, अहो, त्यांचा पाय दुखतोय ना. श्रीरामनं अख्खी जोडी खोडली. मावशीनं रडत रडत सांगितलं मला हे सगळं — ती खाली लॉबीत आईची वाट बघत बसली होती, गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर धरून, आणि बस रिकामी झाली. आता श्रीराम टॅक्सी करून परत गेलाय त्या गावाला, दीड तासाचा रस्ता, त्याला डोंगरात रेंज नाही, आणि आईचा फोन वाजतो, वाजतो, वाजतच राहतो. महालात गाइडनं फोन सायलेंटवर टाकायला लावला असणार. तो परत सुरू करायचा असतो हे तिच्या गावीही नसतं. सव्वीस वेळा केला मी.

अगं बाई! — सॉरी. सॉरी, काकू. फ्रिजमधला आइसमेकर आहे. बर्फ पडतो आत, दर वेळेला मी अशीच दचकते, सहा वर्षं झाली या घरात तरी. किती भरलं? बहात्तर इंच, बरोबर. सहा खुर्च्या. आणि हा जो गोल डाग आहे ना, तो कुकरचा, आई मागच्या वेळी आली होती तेव्हाचा, तो जात नाही, मी विक्रीच्या लिस्टिंगमध्ये लिहायला विसरले. खरंच विसरले.

निहार? निहार नाहीये घरी. नवरा माझा ऑफिसला गेलाय. हो, शनिवार आहे — पण त्यांचं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना, रिलीज असलं की वार कुठे बघतात. करीन त्याला नंतर. मीटिंगमध्ये असेल. आत्ता लाइन मोकळी ठेवायला हवी मला, श्रीरामचा आला तर?

दुपारी, म्हणजे तिकडच्या दुपारी, तिचा व्हॉइस मेसेज आला होता. शेवटचा. शेवटचा म्हणजे आजचा शेवटचा, काय बोलते मी पण! छोट्या महालातून पाठवलाय. म्हणते, वैदेही, इथे राजाचं जेवणाचं टेबल आहे, ते जमिनीतून खाली जातं, खाली मुदपाकखाना, तिथे वाढून परत वर येतं, म्हणजे राजाला वाढप्याचंसुद्धा तोंड बघायला नको. आणि राजा एकटा, पण पानं चार मांडायला लावायचा. रोज. रिकाम्या खुर्च्यांशी गप्पा मारत जेवायचा. गाइड म्हणाली, डोकं फिरलं होतं त्याचं, तर सगळे हसले. मग नुसते पावलांचे आवाज येतात, फरशीवरचे. आणि मग आई म्हणते, "मला नाही बाई वेडा वाटला. मांडलेलं पान बघून बरं वाटत असेल त्याला." बस. संपला मेसेज. मी तो अकरा वेळा ऐकलाय, काकू, आणि दर वेळी वाटतं ती राजाबद्दल बोलत नाहीये.

कारण मी दोन पानं मांडते.

दर रविवारी आईचा व्हिडिओ कॉल असतो. इथे, या खुर्चीत मी, आणि तिथे, तुम्ही टेप ठेवलीये ना, तिथे निहारचं पान. वाटी, चमचा, पाण्याचा ग्लास अर्धा. एकदा तर पोळीचा तुकडा तोडून ठेवला, खाल्ल्यासारखा. आणि मी म्हणते, आत्ताच उठला गं, ऑफिसचा फोन आला. आई म्हणते, असू दे, जेवण गार होईल म्हणावं. जानेवारीपासून जेवण गारच होतंय. तो मॉरिसव्हिलला असतो आता, नॉर्थ कॅरोलायनाला, भांडण वगैरे नाही हो, भांडण झालं असतं तर सांगायला तरी सोपं — मी सारखी घाबरते, आणि तो सारखा मला समजावून दमला, इतकंच. रिलीज वगैरे काही नाही. तुम्ही बसा ना, उभ्या का? नका बघू असं माझ्याकडे, काकू, प्लीज.

या उन्हाळ्यात ती इकडे येणार होती. तिकीट बघत होती. मीच म्हटलं, दरवर्षी काय तेच नेपरव्हिल, तीच नदी, तेच मॉल, त्यापेक्षा युरोप बघ, माझ्याकडून गिफ्ट. केवढी खूश झाली. सगळ्या सोसायटीला सांगितलं, लेकीनं पाठवलं. लेकीनं काय पाठवलं — लेकीनं तिला घरात येऊ दिलं नाही. ती इथे आली असती तर आत्ता या खुर्चीत बसून वांगी चिरत असती. सुरक्षित. आणि मला विचारत असती, निहार कधी येतो गं.

ऐकलंत? हॉर्न. बाहेर गाडीत आपले विवेककाकाच आहेत ना, तुम्हाला न्यायला? सांगा त्यांना दोनच मिनिटं.

हो, कळतंय मला. मघापासून तुम्ही तेच सुचवताय. निहार दोन वर्षं श्टुटगार्टला होता, जर्मन फाडफाड बोलतो, तो पोलिसांशी बोलेल, दुकानांत फोन करेल, सगळं करेल. आणि आई अडकली ना, तर ती मला नाही करणार फोन, त्यालाच करणार. पर्सच्या आतल्या कप्प्यात त्याचा नंबर लिहिलेला कागद असतो, बाबांच्या अक्षरातला. बाबांना अॅटॅक आला तेव्हाही त्यालाच केला होता — वैदेहीला सांगू नका, ती घाबरेल. आमच्याकडे सगळं असंच. वाईट बातमी आधी जावयाला. आणि तो इतका शहाणा, की आईचा असा फोन आला की मधेच मलाही लाइनवर घ्यायचा, म्हणायचा, तिच्यापासून काही लपवायचं नाही, आई. मग आज घेतलं का नाही? म्हणजे आईनं केलाच नसेल. म्हणजे ती करू शकत नाहीये. म्हणजे — हे असं, बघा, मी अशी एकेक पायरी उतरत जाते आणि तो वर उभा राहून म्हणतो, वैदेही, थांब.

जाताना एकच म्हणाला होता, आईला तू सांग. मला खोटं बोलायला लावू नकोस. मी म्हटलं, युरोपहून आली की सांगते. आता फोन केला तर पहिलं हेच विचारेल. विचारू दे. विचारू दे ना, आई तिथे दगडी रस्त्यावर उभी असेल, स्वेटर बसमध्ये, डबा बसमध्ये, आणि मी इथे — करते. तुम्ही थांबा. नाही, बसा. करते.

एंगेज.

कोणाशी बोलतोय हा? शनिवारी दुपारी कोणाशी? परत करते. तुम्ही माझा हात नका धरू, काकू, मला रडू येतं. वाजतोय. वाजतोय — हॅलो? निहार, मी. हो, मीच, ऐक ना, आई हरवलीये, ती लोकं तिला त्या गावात विसरून — काय? कोण लाइनवर आहे? कुठल्या दुकानात?

आई?

अगं — नाही. नाही घाबरले. स्वेटर आहे का? त्यांनी शाल दिली? बरं. बरं. काकू, टेबलाचं नंतर बघू, तुम्ही जा, प्लीज, दार तेवढं ओढून घ्या. हो, आई, ऐकतेय. आहे तो पण लाइनवर. हो.

एकच. एकच पान खरं, दुसरं नुसतं मांडलेलं, आई. जानेवारीपासून.