लपवलेली तारीख

मंडळी, एक सांगा. खोटं बोलणं पाप, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ठाऊक असलेलं नुसतं न सांगणं? ते कशात धरायचं? थांबा, उत्तराची घाई नको. आधी हर्षदाची गोष्ट ऐका.

हर्षदा मिरजेची. घरात दोन जावा. ही थोरली, धाकटी मंगल. पाहा, जावा म्हटल्याबरोबर हसलात! पण या दोघींचं पटायचं हो. हर्षदा टायफॉइडनं महिनाभर पडली, तेव्हा तिच्या मुक्ताला मंगलनं पोटच्या वेदांतसारखं सांभाळलं. दोन्ही पोरं यंदा पहिलीत जायची.

जवळ चांगली शाळा एकच. जागा थोड्या, प्रवेश चिठ्ठ्या टाकून. ना वशिला, ना देणगी — सरळ कारभार! पण कारभार सरळ असला म्हणून माणूस सरळ राहतो का? शाळेच्या फळ्यावर हर्षदानं अर्जाची शेवटची तारीख वाचली आणि गुपचूप अर्ज भरून आली. संध्याकाळी भाकरी थापताना मंगलनं विचारलं, वैनी, शाळेचं काही कळलं का?

"कळेल की," हर्षदा म्हणाली. "घाई कसली?"

झालं! एक चिठ्ठी कमी, मुक्ताची आशा तेवढीच जास्त. हिशेब सोपा — पण चैन पडेना. मंगलचा फोन वाजला की ही कान टवकारायची. कुणी सांगितलं तर नसेल? एकदा वेदांतनंच विचारलं, काकू, मी आणि मुक्ता एकाच शाळेत ना? तर ही उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली. ते ओलेच होते, मंडळी.

सोडतीच्या दिवशी बाजाराचं निमित्त सांगून ती शाळेत जाऊन बसली.  मोठ्या बाई उभ्या राहिल्या आणि चिठ्ठ्यांचं मडकं त्यांनी बाजूला सारलं.

"सोडतीची गरजच नाही. जागांपेक्षा अर्ज कमी आलेत. सगळी मुलं घेतली."

आनंदानं नाचायला हवं होतं ना? कुणी हसलंसुद्धा नाही. शेजारी बसलेली एक आई पुटपुटली, मी सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं. जिकडेतिकडे खाली गेलेल्या माना. जो तो दुसऱ्याची चिठ्ठी कमी करत बसला होता!

हर्षदानं मोठ्या बाईंना गाठलं, जावेच्या पोराचं विचारलं. आज शाळा सुटेपर्यंत मूल आणलं तर घेऊ, बाई म्हणाल्या. रिक्षा करून ती घरी निघाली. 'आत्ताच कळलं बघ' म्हटलं असतं, तरी खपलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण मंगल समोर आली आणि हिनं सगळं खरं सांगून टाकलं.

मंगलनं वेदांतला जवळ ओढलं. मग म्हणाली, "वैनी, तुम्ही मुक्तासाठी वेदांतला मागं ठेव म्हणाला असतात, तर मी ठेवलं असतं."

तिनं पोराचं तोंड धुतलं आणि एकटीच त्याला घेऊन निघाली. प्रवेश मिळाला. पोरं आता एका बाकावर बसतात. मंगल हसते, बोलते, सणाला पुरण वाटून देते. पण काही विचारायचं झालं, की शेजारणीला विचारते.

आता मघाचं उत्तर तुम्हीच द्या. आणि ज्यानं त्यानं मनाशी पाहावं — कुणाच्या लेकराची तारीख आपण पोटात घेऊन बसलोय? विठ्ठलाचं नाव सावकाश घ्या, तो थांबेल. मुदत थांबत नाही. आधी उठा, आणि सांगून या.