वनिताताईची मूठ

मायबापहो, नमस्कार. देऊळघाटची सगळी मंडळी आली, व्यायामाच्या सेंटरातल्या मॅडम आल्या. वनिताताई गेली आणि बोलाची पाळी माझ्यावर आली. एरवीच माही जीभ अडखळते. ताईले जो आजार जन्मापासून होता, सेरेब्रल पाल्सी, तोच मले हाय. घाई करू नका. वाक्य माह्यं मीच पुरं करतो.

ताईची आणि माही ओळख सेंटरातली. आमचे हातपाय लोकं ताणत, आम्ही छताकडं पाहत पडून राहो. घरचे विचारत, "केव्हा चालीन?" आम्हाले काय होते, हे कोणी विचारे नाही. ताई विचारे. "गज्या, पाय ताणला का तुले कसं लागते बे? आधी गरम लागते का आधी दुखते?" म्या म्हटलं, "आधी राग येते." अरे बाप्पा, काय हसली! तिची डावी मूठ कायम अर्धी मिटलेली, आणि हसली का पार घट्ट. असं काऊन होते? तिले याचंच नवल. नव्या सुनेची शेजारीण करते ना, तशी चौकशी ती स्वतःच्या अंगाची करे.

त्यांच्या घरी संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधतात, सकाळच्या बाजारासाठी. ताईलेही बांधाच्या होत्या. पहिल्यांदा तिनं सुतळी दातानं ओढली. तिची माय, आपली कमलमावशी, ओरडली, "उष्टी भाजी कोण घेईन वं?" मंग ताईनं शोध लावला. मेथी डाव्या मुठीत खुपसाची आणि हसाचं. मूठ आवळली का उजव्या हातानं सुतळीचे वेढे, टोक खोचलं, झाली जुडी. "गज्या, हसव ना बे!" हेच माह्यं काम. पण हसू थांबेपर्यंत मूठ जुडी सोडे ना! ताईनं सेंटरात बांधून दाखवली, तवा मॅडमनं मुठीच्या व्यायामाच्या लाकडी कड्या कपाटात ठेवल्या. म्हणाल्या, "उद्यापासून मेथीच आण." पाठीचा व्यायाम मात्र सोडू दिला नाही. बसता येते म्हणून तर जुडी बांधता येते, हे ताईही माने.

मंग ऑपरेशनची गोष्ट निघाली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, मूठ उघडून देऊ. घरात आनंद. मावशीनं नवस बोलला. ताईनं विचारलं, "उघडली तर परत अशीच आवळता येईन का?" डॉक्टर खरं बोलले, "सांगता येत नाही."

"मंग नको."

किती बोलणी खाल्ली तिनं! मावशी म्हणे, "चांगला हात भेटून राह्यला, आणि हे कार्टी नाही म्हणते!" लय दिवस दोघी बोलल्या नाहीत. कोणाचं बरोबर होतं? दुसऱ्या कोणाले अशा ऑपरेशननं सुख भेटत असन, भेटो. ताईनं मात्र जुड्या बांधल्या, शेवटच्या आजारापर्यंत.

परवा आंघोळ घातल्यावर बाया तिचे हात जोडून देत होत्या. डावी बोटं सरळ होत नव्हती. एका आजीनं जोर लावला. तवा कमलमावशीनं आजीचं मनगट धरलं. म्हणे, "राहू दे वं माय. तिनं डॉक्टरले नाही म्हटलं होतं."

मावशे, मी तिथं भिंतीले टेकून रडलो.

आता घडीभर शांत राहू. उभं राहता येते त्यांनी उभं राहा, नाही येत त्यांनी बसूनच राहा. ज्याचे हात जसे जोडल्या जातात, तसे जोडा.

ताई, नमस्कार.