बिल्ल्यावरचा नंबर

जनावरांच्या डॉक्टरांना कुणी नावं ठेवली की मला खपत नाही. दादा गेल्यावर त्याची गाय गोठ्याच्या दाराकडं बघून सारखी हंबरायची. मला ते ऐकवेना. रागाच्या भरात तिला जयसिंगपूरच्या बाजारात विकायला काढली आणि विक्रीच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडं नेली. त्यांनी तिच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद मोबाइलवर काढली.

"नोंद संभाजीच्या नावावर हाय. त्याला घेऊन ये."

"दादा वारला, साहेब. कुठनं आणू?"

"मग नोंदीत हा फोन नंबर कुणाचा?" म्हणत त्यांनी फोन लावला.

वाजला माझ्याच खिशात. बिल्ला मारताना दादानं माझा नंबर दिला होता.

डॉक्टरांनी फोन ठेवला नाही. समोर बसूनच विचारलं, "पावणं, गाय विकायची हाय का?"

मीही फोन कानाला लावला. "न्हाय, साहेब."

गाय अजून हंबरते. आता मी ओ देतो.