वहिनीचा पायगुण

‘वहिनीचा पायगुण नाही पटला आपल्या टीमले’ — हेच शब्द, मावशी, जसेच्या तसे. मी चहाचा ट्रे धरून दाराआड उभी, आणि आत बोलतोय कोण, तर जिब्रान, फुटबॉल टीमचा कप्तान, माझ्या हातच्या शेवया दोनदा मागून खाल्लेला! हो, तोच, स्टँडवरच्या त्या रसवंतीपाशी उभा आहे तो. ती सगळी पोरं आमचीच — म्हणजे आमच्या ह्यांच्या कॉलेजची. हे तिथे खेळाचे सर, नईम सर. ते काय, गळ्यात शिट्टी घालूनच गाडीची चौकशी करायला गेलेत. आणि तो उंच पोरगा, दोन्ही हातांच्या बोटांना ओली मेंदी, ज्याला दुसरा ग्लास धरून रस पाजतोय — हसू नका ना! — तो अंकुर, गोलकीपर. मेंदीचं सांगते. आधी पायाचं सांगू द्या.

निकाहाआधी यंदाचे चार सामने झाले, चारही जिंकले, एकसुद्धा गोल अंगावर घेतला नाही. दिवाळीनंतर मी इथे अकोल्याला सासरी आले — आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल. बरोबरी. दुसऱ्यात तीन. हरलो. सेमीफायनल जिंकलो म्हणा, पण कशी? तीन खाऊन चार मारले, आणि हे घरी आले ते मयतीहून आल्यासारखे. आणि दर सामन्याला नवा इलाज. पहिल्याला, नवी नवरी म्हणून मैदानात आधी उजवा पाय टाक — टाकला. दुसऱ्याला मैदानाकडे पाठ करून बैस — बसले, पूर्ण सामना भिंतीवरची सिमेंटची जाहिरात वाचत. सेमीफायनलला तर, येऊच नको. सासूबाई, कुलसुमबी, उर्दूत म्हणायच्या, ‘दुल्हन सब्जकदम निकली’, म्हणजे अपशकुनी पायाची. पोरं मराठीत म्हणायची पायगुण. घरात दोन भाषा असल्या की एकच बोलणं दोनदा बसतं.

पण येऊ नको म्हटलं आणि तिथेच हे चुकले! आमची गच्ची मैदानाला लागून. वाळत घातलेल्या चादरीआडून सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं दिसतं. तर मी पाहिलं — अंकुर चेंडू झेलतच नव्हता. लग्नाआधी मी एक सामना पाहिला होता — हो, चोरून, नवरा मुलगा कसा आहे ते पाहायला. हे कोणाला बोलू नका — तेव्हा तो चेंडू असा छातीशी घ्यायचा, लेकरू घ्यावं तसा. आता नुसती बुक्की. नाही तर मनगटानं ढकलायचा. ढकललेला चेंडू जातो कुठे? समोरच्याच्या पायात. झाला गोल. हातमोजे? कॉलेजनं मंजूर केलेत, दोन वर्षं झाली मंजूर आहेत.

मग एकदा चहा द्यायला गेले. सगळ्यांनी ग्लास उचलले, ह्यानं दोन तळहातांत धरला, पूजेला बसल्यासारखा. म्हणाला, ‘वहिनी, बशी असंन तं द्या.’ बशी देताना बोटं दिसली. मावशी, तुम्ही दर्यापूरकडच्या, तुम्हाला काय सांगायचं — कापसाचं बोंड वाळलं की त्याची टोकं सुईसारखी, आठ दिवस वेचलं की बोटांच्या शेंड्यांची चाळणी. यंदा भाव नाही म्हणून मजूर लावले नाहीत, घरचेच वेचतात. त्याचे वडील, खुशालराव, त्यांच्यासोबत हा उजाडल्यापासून वावरात, आणि दहाला जीप पकडून मैदानावर. सांगणार कसा? सरांनी ठणकावलं होतं ना — शेत किंवा फुटबॉल, एक ठरवा.

अहो, मी तरी का नाही बोलले? हेच म्हणताय ना? सरांची बायको, तोंड होतं, मग अडलं कुठे? — आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही थोडंच आमच्या घरी येणार. माझं स्थळ सांगताना आमच्या मामूनं सांगितलं होतं, मुलगी बी.ए. आहे, शेतात पाऊलसुद्धा टाकत नाही. आणि मी निकाहाच्या आठ दिवस आधीपर्यंत ओटी बांधून वेचत होते! अम्मीनं बोटांच्या शेंड्यांना मेंदी जाड थापली, डाग झाकले. मेंदी फिकी पडत गेली, डाग वर येत गेले. सासूबाईंना सांगितलं तव्याचा चटका बसला. दहाही बोटांना! त्या म्हणाल्या, पोळ्या टाकतेस की तव्यावर पेटी वाजवतेस? तर त्याची बोटं ओळखली म्हटलं, की पुढचा प्रश्न आलाच — ओळखलीस कशी? म्हणून तोही गप्प, मीही गप्प. तो गोलांचा दोष माझ्या पायावर जाऊ देत होता, मी त्याच्या बोटांवर पांघरूण घालत होते.

पण काल जिब्रान ते बोलला ना, तेही मी गिळलं असतं. हे काय म्हणाले माहीत आहे? मला वाटलं रागावतील त्याच्यावर. म्हणाले, ‘ठीक हाय, सकाळी तिले माहेरी, दर्यापूरच्या गाडीत बसवून देतो, फायनल झाली का घेऊन येईन.’ फायनल हरली असती तर? कधी आणलं असतं मग, पुढच्या हंगामात? रात्रभर पिशवी भरत होते, दोन कपडे भरायला एवढा वेळ लागतो का कधी?

आज सकाळी निघायच्या आधी सगळे परत आमच्याकडे चहाला. माझी पिशवी दारात. अंकुरनं ग्लास तळहातांत धरला, पिशवीकडे पाहिलं, आणि मान अशी खाली घातली की — जाऊ द्या. मी ट्रे खाली ठेवला. तसा आदळूनच, उरलेला चहा सांडला —

अगं बाई, दर्यापूर लागली! तुमचीच ना? उठा, उठा, जागा नाही मिळायची. मी? मी नाही येत. मला अमरावतीची, ह्यांच्यासोबत, फायनलला. पिशवीत माझे कपडे नाहीत, चिंध्या आहेत त्याच्या बोटांना बांधायला. मेंदी? सासूबाईंनीच लावली, लग्नातली उरलेली, बोटं निवतात म्हणून. आधी त्याचे हात धरले, मग माझे. डबा घ्या, राहिला तुमचा! मी काय बोलले ते? तेवढं ऐकून जा. अंकुरचे दोन्ही हात ओढून सगळ्यांसमोर धरले, शेजारी माझे ठेवले, आणि म्हटलं — ‘माह्या पायाले काय पायता? हे हात पाहा, अन् सांगा बरं, यातले गोलकीपरचे कोणते अन् नव्या नवरीचे कोणते!’