म्हशीच्या वरातीचा विनोद

तळवलीच्या बसथांब्यावर माझ्यापुढे बापलेक उभे होते. मुलगा स्टँडअप करतो. विनोदवीरांच्या टीव्हीवरच्या क्विझमध्ये हरून आला होता.

“अंकुश, आरं हरलास कशात?”

“शेवटच्या प्रश्नात. नवरदेवाऐवजी म्हशीचीच वरात निघते, तो विनोद पहिल्यांदा कुणी सांगितला?”

“मी!”

“तेच उत्तर दिलं. सिताराम म्हात्रे, तळवली.”

“मंग?”

“चूक. शंभर वर्षांपूर्वीच्या कुठल्यातरी नाटकात आहे म्हणे. बाबा, मी स्वतः रचलाय, असं तूच सांगायचास ना?”

“तुज्या आयशीला बोलू नको. ह्योच विनोद ऐकून ती लग्नाला तयार झालती.”

“रविवारी टीव्हीवर दाखवतायत. तिने अख्ख्या आळीला बघायला बोलावलंय.”

“मंग रविवारी आपल्या घरची लाईट जानार हाय.”