मान देऊन बोलावलेली पाहुणी

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, आगरदांड्याचं बोट ऑफिसच. मी सत्यवती… अगं कोकिळा! वहिनी बोलतेय मी, वहिनी!… मोठ्यानं बोल बाई, नुसती खरखर ऐकू येतेय.

आई?… आई बरी आहे… अगं बरी आहे म्हणते ना! आधी रडणं थांबव. दिवस भरत आलेल्या बाईनं असं रडू नये… हो, हो, ठरलेल्या बोटीला नाही आली, ठाऊक आहे मला. भाऊजी भाऊच्या धक्क्यावर वाट बघून तसेच परत गेले, तेही कळलं. पण ऐकशील तर सांगेन ना!

खाडीपलीकडे देवीची साथ आलीय. म्हणून सरकारचा हुकूम सुटला, दंडावर लशीचा वण दाखवल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही… तेच तर! तुझ्या आईच्या दंडावर कुठला वण? लहानपणी टोचायला देवी डॉक्टर गावात आला की भाताच्या कणगीत लपून बसायची ती… तुलाही तिनंच लपवलं होतं, मला नको सांगू.

नाही गं, हुकूम चुकीचा असं कुठं म्हणतेय मी? रोग काय कुणाला विचारून येतो? एका घरात शिरला की सगळी वाडी धरतो. पण इथल्या शिपायानं धक्क्यावर काय केलं… सखुबाई आठवते? विहिरीजवळची… हां, तीच. तिचा हात आवळून धरला नि म्हणाला, "टोचा हिला!" बांगड्या फुटल्या गं तिच्या! चार माणसांत! झालं, सगळ्या वाडीनं दारं लावून घेतली. देवी डॉक्टरला कुणी प्यायला पाणी देईना. आणि आईनं धक्क्यावरूनच बोचकं उचललं, तडक घरी… अगं, तुझी काळजी नव्हती कशी? वाटभर डोळे पुसत आली.

हॅलो?… आहे, आहे मी.

मग तो डॉक्टर, चांगदेव नाव त्याचं, एकटाच घरी आला. शिपाई नाही, कुणी नाही. ओटीवर टेकला नि म्हणाला, "आजी, तुमचं म्हणणं तरी काय?"… अगं, तिला सुईची भीती नव्हतीच! म्हणते कशी, "देवी आंगावर आनायची, नि तिचा मान कोन करनार? पाव्हनी हाय ती." तर तो म्हणाला, "मान तुम्ही करा. मी थांबतो."

आणि थांबला की! हिनं पाट मांडला, रांगोळी घातली, त्याची लशीची पेटी पाटावर ठेवली नि तिची ओटी भरली… खरंच सांगतेय! खण, नारळ, तांदूळ! तो बिचारा ओरडतोय, "आजी, बाटलीला कुंकू नको हो!"… हस, हस, तेवढंच बरं. मग हिनं आपणहून दंड पुढं केला.

दाराआडून सगळी वाडी बघतच होती. संध्याकाळपर्यंत आमच्या अंगणात ही रांग, नि प्रत्येकीच्या हातात नारळ. सखुबाईसुद्धा आली! नारळ न्यायला डॉक्टरला बैलगाडी करावी लागली.

…मग आली का नाही? अगं ऐक ना, तेच सांगतेय! दंडावर पुळी आली. डॉक्टर म्हणाला, "छान, लस लागली." ही म्हणाली, "देवी आल्या!" झालं. दाराला कडुलिंबाचे डहाळे, घरात फोडणी बंद, सुकट बंद, तुझ्या दादाला दाढी करायची बंदी. नुसता बैरागी दिसत होता! डॉक्टरनं हात जोडले, "आजी, लेक वाट बघतेय." तर म्हणे, "पाव्हनी घरात बसलीय, नि मी गाव सोडू व्हय?" मी चिडले, भांडलेसुद्धा. पण ऐकेल तर ती ठमाबाई कसली! खपली पडली तेव्हा कुठं दहीभात घेऊन खाडीवर देवीची पाठवणी केली, नि मग बोचकं बांधलं.

हो, इथंच आहे! बोटीच्या रांगेत. शिपायानं मागायच्या आधीच दंड उघडा करून बसलीय… छे गं, फोनला हात लावत नाही ती.

…हो हो बाई, वेळ झाली कळलं, पण तोडू नका! बाळंतपणाचं काम आहे!… नाही गं, तुला नाही, एक्स्चेंजवाली मध्येच बोलली.

कोकिळा, आता नीट ऐक. पाठवणी करून आली नि पायरीवर बसली. कधी नाही ते दिनूचं नाव काढलं… हो, तुझ्या पाठच्या दिनूचं. म्हणाली, "दिनूच्या येलेला न बोलवता आली, पोराला घेऊन गेली. ही मी बोलवून आनली, तर दंडावर बसली नि गेली. तवाच बोलवली असती तर…"

रडू नको… ऐक, तिनं तुला विचारायला सांगितलंय. शिमग्याला आलीस तेव्हा म्हणाली होतीस ना, माझ्या बाळाला सुई लावू देणार नाही?… हो, तिचं ऐकूनच म्हणालीस, माहितेय. आता ती म्हणते, बाळाला मांडीवर मीच घेईन, ओटी मीच भरेन. मी म्हटलं, हुकूमच आहे, त्यात पोरीला विचारायचं काय? तर माझ्यावरच डोळे वटारले. "मला इचारलं म्हनून मी हात दिला. तिलाबी इचार."

बोटीचा भोंगा झाला गं! लवकर सांग… काय?… ऐकू येत नाही… परत बोल… हो? "हो" म्हणालीस?

आई! ओ आई! हो म्हणाली कोकिळा! चढा तुम्ही, चढा!

हॅलो… कोकिळा, हसतेय गं ती, बोटीत चढताना… हॅलो?… हॅलो?